बागेतला छोटा ट्रॅक्टर : जुना भरवशाचा की नवा? खान्देशातल्या शेतकऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची केळी चोपडा तालुक्यात, तापीकाठच्या काळ्या रानात. घरी दोन ट्रॅक्टर आहेत. एक वडिलांच्या काळातला, एक सिलिंडरचा, २५ एचपीचा. दुसरा २०१९ मध्ये घेतलेला, २४ एचपीचा फोरव्हील, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारा. दोन्ही आजही कामावर आहेत आणि दोघांचंही पोट मी स्वतः उघडून पाहिलेलं आहे. त्यामुळे बाजारात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही गेलो तरी कोणीतरी विचारतंच, "भाऊ, जुनं लेऊ का नवं?" उभ्या उभ्या उत्तर देऊन कोणाचे कष्टाचे पैसे अडकवायचे नाहीत, म्हणून नेहमी येणारे प्रश्न इथे सविस्तर घेतो.

ट्रॅक्टर "भरवशाचा" म्हणजे नेमकं काय धरायचं?

बिघडत नाही तो भरवशाचा, असं आपण म्हणतो. पण न बिघडणारं यंत्र कोणीच बनवलेलं नाही. मी वेगळा हिशेब धरतो : ऐन कामाच्या दिवसांत तो किती दिवस उभा राहिला? केळीच्या मृगबागेची लागवड जून-जुलैत, कांदेबागेची (तीही केळीच) सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. या दिवसांत जमिनीचा वापसा (मशागतीजोगी ओल) आपली वाट पाहत नाही. वर्षात चार वेळा बिघडून संध्याकाळपर्यंत पुन्हा सुरू होणारा ट्रॅक्टर परवडतो. एकदाच बिघडून अकरा दिवस शेडमध्ये उभा राहणारा परवडत नाही.

हे अकरा दिवस मी भोगलेले आहेत. नवा ट्रॅक्टर घेतला त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात हायड्रोलिक लिफ्टनं वजन उचलणं बंद केलं. शोरूमवाले म्हणाले, पंपाचा सील संच डेपोतून येईल. बाहेर उघडून घ्यावा तर वॉरंटी जाते, न घ्यावा तर काम थांबतं. टिश्यूकल्चरची रोपं शेडनेटखाली पिशवीत उभी आणि वावर अर्धवट तयार. शेवटी जुन्यालाच वखर लावला आणि उरलेलं काम उरकलं. म्हणून माझा पहिला सल्ला हा की, ट्रॅक्टर पाहण्याआधी त्याचा सुटा भाग कुठे मिळतो आणि तो बसवणारा मिस्तरी किती किलोमीटरवर आहे, ते पाहा.

जुन्या ट्रॅक्टरमध्ये असं काय होतं की लोक अजून नाव काढतात?

इंजिन. जुन्या एकसिलिंडर २५ एचपी गाड्यांचं सिलिंडर दीड लिटरहून मोठं असायचं आणि फेरे कमी. आजच्या २४ एचपीच्या तीन सिलिंडर गाडीत साधारण ११०० सीसीचं इंजिन मिनिटाला २६०० फेऱ्यांवर तेवढीच ताकद देतं. सावकाश फिरणारं इंजिन झिजतंही सावकाश. त्यात भाग थोडे, बीड (ओतीव लोखंड) जाड, आणि नट हाताला लागेल अशा जागी. आमच्या जुन्याचा नोझल (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) मी बांधावर बसून पंधरा मिनिटांत काढतो. नव्याचा काढायचा तर आधी बाजूचे पत्रे आणि दोन पाइप सोडावे लागतात.

दुसरं कारण, जुन्या गाड्यांना गावागावात मिस्तरी आहेत. भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर आयशरचा, १९५९ मध्ये फरिदाबादच्या कारखान्यातून निघाला. स्वराज १९७४ मध्ये आला. एवढ्या वर्षांत बापाकडून मुलाकडे हे काम गेलं आहे. आवाज ऐकून टॅपेट ढिला आहे की बेअरिंग गेलंय हे सांगणारा माणूस आजही तालुक्याच्या गावी सापडतो.

पण एक गोष्ट विसरू नका. आज रस्त्यावर चालताना दिसतात ते जुन्यातले टिकलेले. जे टिकले नाहीत ते कधीच भंगारात गेले. शेजाऱ्याचा चाळीस वर्षांचा ट्रॅक्टर फडफडतोय म्हणून सगळेच जुने तसे होते, असं नाही.

मग जुना कुठे दगा देतो?

इंजिन सोडून बाकी सगळीकडे. ब्रेक, ऑइल सील, स्टेअरिंग, वायरिंग, लिफ्ट. लोक इंजिनाचा आवाज ऐकून सौदा करतात आणि ब्रेकवर पाय ठेवून पाहत नाहीत.

आमच्या जुन्याला कोरडे ब्रेक आहेत. एका वर्षी मागच्या एक्सलचा सील गळत होता आणि ते तेल हळूहळू ब्रेकच्या लायनिंगवर पोचलं. बाहेरून चाकाच्या आतल्या बाजूला फक्त ओलसर काळा डाग दिसायचा, त्यावर माती चिकटलेली. ट्रॉलीत केळीचे घड भरून पाटचारीच्या उतारावरून येत होतो. पेडल दाबलं तर ते खाली गेलं, पण गाडी थांबेना. खालच्या गिअरमध्ये होतो आणि पुढे चढ होता, म्हणून निभावलं. ट्रॉलीवर दोन माणसं बसलेली होती. त्या दिवसापासून भरलेली ट्रॉली मी जुन्याला जोडत नाही आणि ट्रॉलीवर माणूस बसवत नाही. नव्या गाड्यांत तेलातले ब्रेक येतात. ते धूळ-चिखलापासून बंद असतात आणि खूप जास्त टिकतात. या एका बाबतीत नवा निर्विवाद सरस.

नव्यात सेन्सर, कॉम्प्युटर असतात, ते बिघडले तर कोण दुरुस्त करणार?

ही भीती छोट्या ट्रॅक्टरच्या बाबतीत बरीचशी चुकीची आहे. १ जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे कडक नियम, म्हणजे ट्रेम-४, लागू झाले ते ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना. त्यामुळे मोठ्या गाड्यांत कॉमन रेल इंजिन आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोल आले. बागेतले १५ ते ३० एचपीचे बहुतेक ट्रॅक्टर अजूनही साध्या मेकॅनिकल पंपावरच चालतात.

त्रास येतो तो वायरिंगच्या जोडांचा. क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागू न देणारा स्विच, डिझेल बंद करणारा सोलेनॉइड, मीटरचा संच. फवारणीचं पाणी, खताची पूड आणि उंदीर या तिघांपासून जोड वाचवले की निम्मं काम झालं. गाडी शेडमध्ये लावली की आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहा. केळीच्या सुक्या पानांचं घरटं उंदीर इंजिनावरच करतात.

केळीच्या पाच फुटी ओळीत जुना ट्रॅक्टर चालतो का?

नाही. जुने २५-३५ एचपीचे ट्रॅक्टर उघड्या वावरासाठी बनले. नांगरटी, वखरणी, ट्रॉली. पाच बाय पाच किंवा सहा बाय पाचच्या केळीत ते घातले की एकतर बुंधा खरचटतो, नाहीतर ठिबकच्या नळ्या चाकाखाली येतात. बागेसाठी रुंदी साडेतीन फुटांच्या आत हवी, आणि तीसुद्धा पानं एकमेकांना मिळेपर्यंतचे पहिले काही महिनेच उपयोगी. पपई आणि डाळिंबाच्या रुंद ओळीत मिनी ट्रॅक्टर वर्षभर फिरतो, म्हणून शहादा-तळोद्याकडे त्याचा उपयोग आमच्यापेक्षा जास्त होतो.

जे यंत्र आपल्या ओळीत शिरतच नाही, त्याचं इंजिन कितीही दणकट असलं तरी बागेच्या कामाला ते उपयोगाचं नाही.

जुन्यातला बागेसाठीच बनलेला छोटा ट्रॅक्टर मिळतो का?

मिळतो. व्हीएसटीचा मित्सुबिशी शक्ती एमटी १८० डी हा त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा. तीन सिलिंडर, साडेअठरा एचपी, अंगानं लहान. नाशिककडच्या द्राक्षबागांतून वापरलेले बरेच बाजारात येतात. बागेतली गाडी फवारणीत राबलेली असते, तेव्हा पत्रा, रेडिएटरची जाळी आणि पीटीओचा (मागचं अवजार फिरवणाऱ्या दांड्याचा) क्लच आधी पाहा. औषधांनी पत्रा खाल्लेला असतो आणि त्यावर नवा रंग मारलेला असतो. नखानं टोकरून पाहायला लाजू नका.

इंटरनेटवर "गार्डन ट्रॅक्टर" शोधलं की गवत कापायच्या गाड्या दिसतात. त्या आपल्याकडे चालतील का?

त्या अमेरिकेतल्या घरामागच्या हिरवळीसाठी आहेत. तिकडेही हाच वाद चालतो, जुना बरा की नवा. इंटरनॅशनल हार्वेस्टरनं १९६१ मध्ये कब कॅडेट आणला, जॉन डिअरनं १९६३ मध्ये ११० नावाचं मॉडेल. बिडाचं इंजिन, जाड पत्रा, म्हणून ते अजून जपले जातात. आजचे स्वस्त मॉडेल हलक्या पत्र्याचे आणि बेल्टवर चालणारे. पण पेट्रोलवरचं ते यंत्र आपल्या काळ्या मातीत रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) ओढणार नाही. नाव सारखं असलं तरी काम वेगळं आहे.

एक सिलिंडर घ्यावा की तीन?

एक सिलिंडरला पिस्टन एक, नोझल एक, दुरुस्तीचा खर्च कमी. स्वराज ७१७ किंवा महिंद्रा युवराज २१५ हे १५ एचपीचे एकसिलिंडर ट्रॅक्टर आपल्याकडे भरपूर दिसतात, त्याचं हेही एक कारण. पण एक सिलिंडरला थरथर जास्त. तिच्यामुळे नट ढिले होतात, सायलेन्सरचा ब्रॅकेट तडकतो, बॅटरीची पट्टी तुटते. महिन्यातून एकदा पाना घेऊन सगळीकडे फिरायची सवय ज्याला आहे त्यानं एक सिलिंडर खुशाल घ्यावा. ज्याचा ट्रॅक्टर सालदाराच्या हातात असतो आणि पाना कोणी फिरवणार नाही, त्याला तीन सिलिंडर जास्त मानवतो.

मे महिन्यात हवेवर थंड होणारं इंजिन तग धरतं का?

जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा प्रश्न रास्त आहे. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात पाणी नाही, पंप नाही, रेडिएटर नाही, म्हणजे बिघडायला तेवढ्या वस्तू कमी. पण सिलिंडरवरच्या पात्यांच्या फटीत धूळ आणि तेल मिळून लेप बसतो. तो बसला की इंजिन आतल्या आत भाजतं, आणि पाणी उकळताना दिसतं तशी आधी सूचनाही मिळत नाही. दर हंगामाआधी पाती घासून साफ केली तर हे इंजिन उन्हाळा आरामात काढतं.

पाण्यावरच्या इंजिनात बोअरचं पाणी ओतू नका. आपल्याकडचं पाणी क्षाराचं. दोन-तीन वर्षांत रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा थर बसतो. कूलंट वापरा. कपाशीच्या शेतातून आल्यावर जाळीत अडकलेला कापसाचा तंतू हवेनं उडवा, तोही इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला.

धुळीचा परिणाम कोणावर जास्त, जुन्यावर की नव्यावर?

दोघांवर सारखाच, पण उपाय वेगळा. जुन्यात तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर असतो. हवा तेलावरून जाते आणि धूळ तेलात बसते. उन्हाळी रोटाव्हेटर मारून झाल्यावर एकदा ती वाटी काढून पाहा. वर तेल दिसतं, पण बोट घातलं की तळाशी दोन बोटं जाड, काळ्या लोण्यासारखा गाळ लागतो. तेवढी माती पिस्टनपर्यंत जायची थांबली. ही वाटी डिझेलनं धुऊन खुणेपर्यंत नवं तेल भरायचं, एवढंच. खर्च जवळपास नाही. खुणेच्या वर मात्र भरू नका, जास्तीचं तेल इंजिन ओढून घेतं.

नव्यात कागदाचा कोरडा फिल्टर. तो हवा अधिक चांगली गाळतो, पण कोणीतरी तो जमिनीवर आपटून साफ करतो आणि कागदाला बारीक चीर जाते. चीर गेलेला फिल्टर म्हणजे फिल्टर नसल्यासारखाच. नव्या ट्रॅक्टरचं इंजिन लवकर "खाल्लं" असं लोक म्हणतात, त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा फिल्टर मी हातात घेऊन उन्हाकडे धरला आहे. आरपार उजेड दिसतो.

डिझेल पंपात फरक पडतो का?

पडतो. जुन्या इनलाइन पंपात (मिस्तरी त्याला अजून मायको पंपच म्हणतात) वंगणाला बहुधा वेगळं ऑइल असतं. रोटरी पंपाला डिझेलच वंगण. कॅनमधून आणलेल्या डिझेलात पाणी आलं तर रोटरी पंप लवकर खराब होतो. टाकी रात्री भरून ठेवा. रिकाम्या टाकीत जानेवारीच्या थंडीत बाष्पाचं पाणी होतं, आणि आमच्याकडे थंडी काही कमी पडत नाही. धुळ्याचा पारा दहाच्या खाली येतो.

केळीत रोटाव्हेटर मारला की सील का जातात?

केळीच्या खोडाच्या दोरामुळे. पिलबाग (पिलांवर घेतलेलं केळीचं पुढचं पीक) काढून झाल्यावर लोक खोडं आडवी पाडून थेट रोटाव्हेटर घालतात. ओलं खोड कापलं जातं, पण त्याचे लांब धागे शाफ्टच्या टोकाला गुंडाळत जातात आणि सुतळीसारखे घट्ट बसतात. तेच ऑइल सील कापतात. मग ऑइल गळतं, माती आत शिरते, बेअरिंग जातं. जुना असो वा नवा, यातून कोणी सुटत नाही. ठिबकच्या नळीचा तुकडा राहिला असेल तर तो याहून वाईट. दर दोन तासांनी इंजिन बंद करून, किल्ली खिशात टाकून, विळ्यानं शाफ्ट मोकळा करा.

आणि रोटाव्हेटर इंजिनाच्या मानानं घ्या. १८ एचपीला चार फुटी रोटाव्हेटर लावून एका वर्षात क्लच प्लेट घालवलेले आणि दोष ट्रॅक्टरला देणारे पुष्कळ आहेत.

वापरलेला ट्रॅक्टर पाहायला गेलो तर काय काय तपासू?

सकाळी लवकर जा आणि आधीच सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका. गरम इंजिन काहीही लपवतं. बॉनेटला हात लावून पाहा, कोमट लागलं तर परत या.

सुरू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण उघडा. तिथून फुसफुस हलकी वाफ येणं ठीक, भकाभका धूर येत असेल तर रिंगा आणि लायनर गेलेले आहेत. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी मिसळलेलं आहे. रेडिएटरचं झाकण गाडी थंड असतानाच काढा, आणि चालू इंजिनात पाण्यात सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केटचा खर्च धरूनच बोला.

मग लिफ्ट. मागे रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद करा आणि चहा प्या. चहा संपेपर्यंत रोटाव्हेटर जमिनीला टेकला तर लिफ्टचं काम आहे. चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चालवा, गिअर सुटून न्यूट्रल होतो का पाहा. दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबा. स्टेअरिंग डावी-उजवीकडे किती रिकामं फिरतं ते बघा. शेवटी गाडीखाली वाका आणि गिअरबॉक्स व इंजिनाच्या जोडाजवळ वेल्डिंगचा डाग शोधा. बीड वेल्डिंग केलेली गाडी मी कितीही स्वस्त मिळाली तरी घेत नाही.

मीटरवरच्या तासांवर विश्वास ठेवू नका. क्लचच्या पेडलाचं रबर आणि सीटखालचा पत्रा किती घासलाय, ते पाहा.

कागदपत्रांचं काय?

आरसी बुक आणि गाडीवरचा चासी नंबर स्वतः जुळवा. बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि ना हरकत घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. नूतनीकरण न झालेला ट्रॅक्टर स्वस्त दिसतो, पण ट्रॉली घेऊन रस्त्यावर निघालात की विम्यासकट सगळे प्रश्न तुमचे.

अनुदान जुन्यावर मिळतं का?

नाही, नव्यावरच. महाडीबीटीवर अर्ज करा, पूर्वसंमती येण्याआधी खरेदी करू नका. यादीतल्या मॉडेलचा तपासणी अहवाल असतो. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत हे ट्रॅक्टर तपासले जातात. अहवाल मागून वाचा, कंपनीच्या पत्रकापेक्षा त्यातले आकडे कामाचे.

कंपनीच बंद झाली असेल तर सुटे भाग?

गाडी किती विकली गेली होती त्यावर. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय केंद्र सरकारनं २०१६ मध्ये घेतला, तरी एचएमटीचे ट्रॅक्टर अजून शेतात चालतात, कारण त्यांचे भाग बाहेरचे लोक बनवतात. उलट आयशर २००५ मध्ये टॅफेकडे आणि स्वराज २००७ मध्ये महिंद्राकडे गेले, त्यांचे भाग थांबलेच नाहीत. अडचण येते ती थोड्याच विकल्या गेलेल्या मॉडेलची, मग ते पाच वर्षांपूर्वीचं का असेना. घेण्याआधी सुट्या भागांच्या दुकानात जाऊन फक्त तीन वस्तू मागा : क्लच प्लेट, पाण्याचा पंप, हेड गॅस्केट. दुकानदार मागे वळून कपाटातून काढतो की "मागवून देतो" म्हणतो, तिथे उत्तर मिळतं.

फोरव्हीलमध्ये बिघाड जास्त का?

पुढच्या एक्सलमध्ये गिअर आणि सील वाढतात, म्हणून देखभाल थोडी जास्त. पण काळी माती ओली झाली की छोटा टूव्हील जागेवर फिरतो, तिथे फोरव्हील निघून येतो. डांबरी रस्त्यावर दांड्यानं फोरव्हील बंद ठेवा, नाहीतर पुढचे टायर आणि गिअर उगाच झिजतात.

जुन्याचं पूर्ण इंजिनकाम करून घ्यावं की नवा घ्यावा?

इंजिनकाम करायचं असेल तर त्याच वेळी ब्रेक, सगळे सील, टाय रॉडचे एंड, किंगपिन आणि वायरिंगही करायचं, असा अंदाज काढा. हा सगळा आकडा नव्या मिनी ट्रॅक्टरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेला तर मी थांबतो. खाली असेल आणि मिस्तरी ओळखीचा असेल तर करून घ्या. तसा केलेला जुना वखरणीला आणि पाण्याच्या टाकीला पुढची दहा वर्षं सहज जातो.

आज तुम्ही एकच घेणार असाल तर कोणता?

केळी, पपई, डाळिंब असं बागेचं काम मुख्य असेल तर नवा, किंवा पाच-सात वर्षांच्या आतला, तेलातल्या ब्रेकचा, तालुक्याच्या गावी भाग मिळणारा. कोरडवाहू कपाशी-ज्वारी आणि वर्षाला मोजके तास असतील तर चांगला तपासलेला जुना. कर्जाचा हप्ता भरत नवा उभा ठेवण्यापेक्षा तो बरा.

पीटीओच्या शाफ्टवरचं प्लास्टिकचं झाकण काढलं तर चालतं का? जुन्याला तर नसतंच.

चालत नाही. जुन्याला नसेल तर बाजारातून आणून बसवा. शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. रुमालाचं टोक किंवा लुगड्याचा पदर त्यात सापडला तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. बायाबापड्या खत टाकायला ट्रॅक्टरच्या मागेच चालत असतात. आमच्या दोन्ही गाड्यांना ते झाकण आहे, आणि ते तुटलं तर नवं येईपर्यंत त्या दिवशी रोटाव्हेटर निघत नाही.